हरकतीचा अर्ज आणि फेरविचार समिती : टेक्ससमधील एका शाळेच्या ग्रंथालयाचा अनुभव

अमेरिकेतील सार्वजनिक शाळेच्या ग्रंथालयातील पुस्तकावर एखाद्या पालकाने हरकत घेतली की पुढे नेमके काय होते, याची कल्पना बातम्यांवरून येत नाही. बातमीत एक तर पुस्तक काढून टाकल्याचे कळते, नाही तर शाळा-बोर्डाच्या (गावच्या सार्वजनिक शाळा चालवणाऱ्या, लोकांनी निवडून दिलेल्या मंडळाच्या) सभेतील आरडाओरड्याची चित्रफीत दिसते. अर्ज, समिती, वाचन, चर्चा, मतदान आणि अपील असा जो मधला भाग असतो, तो लांबलचक आणि बराचसा कंटाळवाणा असल्यामुळे त्याकडे कोणी फिरकत नाही. डॅलसच्या उत्तरेकडील एका उपनगरात राहणारी पालक म्हणून मी त्या मधल्या भागातून गेले आहे. त्यात काही मोलाचे घडत असेल, तर ते त्या कंटाळवाण्या टप्प्यांतच घडते, असे माझे मत झाले. ते मत कसे झाले, हे सांगण्यासाठी हे टिपण आहे. शाळेचे, डिस्ट्रिक्टचे (म्हणजे एका बोर्डाखालील शाळांच्या विभागाचे) आणि माणसांचे नाव मी मुद्दामच घेतलेले नाही.

टेक्ससमध्ये या प्रकरणाला जोर चढला तो ऑक्टोबर २०२१ पासून. मॅट क्राउस या रिपब्लिकन आमदारांनी सुमारे ८५० पुस्तकांची यादी शाळांना पाठवून त्यांतील कोणती पुस्तके तुमच्याकडे आहेत आणि त्यांवर किती पैसे खर्च झाले, अशी विचारणा केली. पुढच्याच महिन्यात गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी अश्लील मजकुरापासून शाळा मोकळ्या ठेवण्यासाठी नियम करा, असे राज्याच्या शिक्षण विभागाला कळवले, आणि एप्रिल २०२२ मध्ये विभागाने नमुना धोरण प्रसिद्ध केले. मे २०२२ च्या शाळा-बोर्डांच्या निवडणुकांत पॅट्रियट मोबाइल या मोबाइल सेवा देणाऱ्या कॉन्झर्व्हेटिव्ह कंपनीच्या राजकीय निधीने फोर्ट वर्थच्या परिसरातील चार डिस्ट्रिक्टांत ११ उमेदवारांना पाठबळ दिले आणि ते सगळे निवडून आले. त्या चारांपैकी एक असलेल्या केलर येथे ऑगस्टमध्ये, शाळा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, ४१ पुस्तके कपाटांतून काढण्याचा हुकूम निघाला. त्यांत बायबल होते आणि ॲन फ्रँकच्या डायरीची चित्ररूप आवृत्तीही होती. आधीच्या वर्षी त्यांतील काही पुस्तके समितीने वाचून ठेवण्यायोग्य ठरवली होती, याकडे बातम्यांत फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. मला मात्र पुढे ती ओळ वारंवार आठवली.

आमच्याकडे हे वारे जरा उशिरा आले. २०२२ च्या शरद ऋतूत हायस्कूलच्या ग्रंथालयातील टोनी मॉरिसन यांच्या ‘द ब्लूएस्ट आय’ या कादंबरीवर एका वडिलांनी लेखी हरकत नोंदवली. १९७० साली प्रसिद्ध झालेली ही मॉरिसन यांची पहिली कादंबरी असून १९९३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. अमेरिकेतील शाळांत सर्वाधिक हरकती येणाऱ्या पुस्तकांच्या याद्यांत ही कादंबरी वर्षानुवर्षे असते, त्यामुळे हरकत अनपेक्षित नव्हती. समितीसाठी इच्छुक पालकांनी नावे कळवावीत, अशी ईमेल शाळेने सर्वांना पाठवली. माझी मुलगी त्या वेळी दहावीत होती. मी नाव कळवले आणि चिठ्ठीत ते निघाले.

“तू कशाला पडतेस यात? आपलं ग्रीन कार्ड अजून लटकलेलं आहे,” असे नवऱ्याचे म्हणणे पडले. समितीवर बसायला नागरिकत्व लागत नाही, असे मी त्याला सांगितले, आणि ते खरेच होते. बोर्डाच्या निवडणुकीत मत द्यायला मात्र ते लागते. आमच्या शाळेत भारतीय मुले भरपूर आहेत. त्यांच्या आईवडिलांतील निम्मेअधिक लोक माझ्यासारखे रांगेत ताटकळलेले असावेत, असा माझा अंदाज आहे. घरपट्टीतून शाळेचा खर्च हे लोक भरतात, शाळेच्या कार्यक्रमांना समोसे हेच पुरवतात, आणि शाळा कोण चालवणार हे ठरवताना ते कुठेच नसतात. समितीत जाण्याचे माझे हेही एक कारण होते.

समितीत मुख्याध्यापक, ग्रंथपाल, इंग्रजीच्या एक शिक्षिका, डिस्ट्रिक्टच्या अभ्यासक्रम विभागातील एक अधिकारी, शाळेच्या समुपदेशक आणि आम्ही दोन पालक होतो. पहिल्या बैठकीत पुस्तकाविषयी कोणी चकार शब्द काढला नाही. आम्हाला धोरणाची प्रत देण्यात आली आणि ती ओळीने वाचण्यात आली. त्यातील तीन गोष्टी मी अधोरेखित केल्या. पुस्तक ज्या शैक्षणिक उपयोगासाठी ठेवले आहे, त्याला ते योग्य आहे की नाही, हा निर्णयाचा मुख्य निकष. केवळ त्यात मांडलेल्या विचारांमुळे ग्रंथालयातील पुस्तक काढता येणार नाही, ही दुसरी. आणि फेरविचार चालू असताना पुस्तक कपाटातच राहील, फक्त ज्या पालकाला आपल्या मुलाला ते मिळू नये असे वाटते, त्या मुलापुरते ते अडवले जाईल, ही तिसरी.

यातील दुसऱ्या गोष्टीमागे एक जुना खटला आहे. न्यू यॉर्क राज्यातील आयलंड ट्रीज येथील शाळा-बोर्डाने १९७६ मध्ये नऊ पुस्तके ग्रंथालयांतून काढली, तेव्हा स्टीव्हन पिको या विद्यार्थ्याने आणि त्याच्या सोबत्यांनी दावा लावला. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. ब्रेनन यांनी लिहिले की, पुस्तकातील विचार आवडत नाहीत म्हणून बोर्डाला ते ग्रंथालयातून काढता येणार नाही. मात्र पुस्तक सर्वस्वी असभ्य असेल किंवा शैक्षणिकदृष्ट्या अनुपयुक्त असेल, तर काढता येईल. अडचण अशी की, ब्रेनन यांच्या मताला पूर्ण बहुमत नव्हते. नऊ न्यायमूर्तींपैकी पाचांनी निकाल विद्यार्थ्यांच्या बाजूने दिला, पण कारणांवर त्या पाचांचे एकमत झाले नाही. चाळीस वर्षे देशभरच्या शाळांची धोरणे अशा अर्धवट आधारावर उभी होती. अधिकाऱ्यांनी हे सगळे पाच मिनिटांत गुंडाळले. मी ते घरी येऊन नीट वाचले आणि हे सगळे किती कच्च्या पायावर आहे, हे तेव्हाच जाणवले.

आणखी एक सूचना मिळाली. या विषयावर आम्ही एकमेकांना लिहिलेल्या ईमेल आणि बैठकीतील आमच्या नोंदी कोणीही नागरिक माहितीच्या कायद्याखाली मागू शकतो. त्यामुळे समासात ‘हे भयंकर आहे’ असे पेन्सिलीने लिहिण्यापूर्वी विचार करा, असे मुख्याध्यापक हसत म्हणाले. कोणी हसले नाही.

मग हरकतीचा अर्ज आला. छापील नमुन्यात ‘आपण संपूर्ण पुस्तक वाचले आहे काय?’ असा प्रश्न होता आणि त्यापुढे त्या गृहस्थांनी प्रामाणिकपणे ‘नाही’ लिहिले होते. ‘आक्षेपार्ह भाग’ या रकान्यात पान क्रमांकांची एक उभी रांग होती आणि जोडीला उताऱ्यांची छापील पाने. ही पाने बुकलुक्स नावाच्या संकेतस्थळावरून घेतलेली होती. पुस्तकांतील लैंगिक किंवा हिंसक मजकूर वेचून, पान क्रमांकासह मांडून, शून्यापासून पाचपर्यंत श्रेणी देण्याचे काम ते संकेतस्थळ करत असे (ते २०२५ मध्ये बंद झाले). हरकत घेणाऱ्याला त्यामुळे पुस्तक हातात घ्यावेच लागत नव्हते. ‘याऐवजी कोणते पुस्तक सुचवाल?’ हा रकाना कोरा होता.

मी आधी उतारे वाचले आणि नंतर पुस्तक, आणि तो क्रम मी जाणूनबुजून ठेवला होता, कारण हरकत घेणाऱ्याला जे दिसले ते आधी आपल्याला दिसावे असे मला वाटत होते. उतारे वाचून पोटात ढवळले, हे मान्य करायला हवे. बाप स्वतःच्या अकरा वर्षांच्या मुलीवर बलात्कार करतो, तो प्रसंग त्यांत होता. तो बापाच्या मनात शिरून लिहिलेला आहे, त्यामुळे वाचणाऱ्याला नुसता राग करून सुटता येत नाही. हे पान एकटे समोर आले तर कोणताही बाप हरकत घेईल, आणि त्याला मूर्ख किंवा कट्टर म्हणणारे लोक मला मनापासून पटत नाहीत.

पुस्तक मात्र तिथून सुरू होत नाही. ते सुरू होते अमेरिकेतील पहिलीच्या वाचनमालेतल्या धड्याने. हिरवेपांढरे घर, आई, वडील, डिक आणि जेन, मांजर, कुत्रा. तोच धडा लगेच पुन्हा छापला आहे, या वेळी विरामचिन्हे नाहीत. तिसऱ्यांदा तो येतो तेव्हा शब्दांमधल्या जागाही गेलेल्या आहेत, सगळी अक्षरे एकमेकांवर आदळत आहेत आणि वाचता वाचता धाप लागते. त्यानंतरच्या पानावर क्लॉडिया ही निवेदक सांगूनच टाकते की, १९४१ च्या त्या शरदात झेंडूचे बी उगवले नाही आणि पिकोलाला तिच्या बापापासून मूल होणार होते. म्हणजे ज्या गोष्टीवर हरकत आहे ती लेखिकेने कुठे दडवून ठेवलेली नाही. ती आरंभीच सांगून ‘हे का झाले हे सांगणे अवघड आहे, म्हणून कसे झाले ते सांगते’ असा पवित्रा तिने घेतला आहे. ओहायोतील लॉरेन या गावची पिकोला शर्ली टेम्पल या बालतारकेचे चित्र असलेल्या कपातून दूध पीत राहते, ते त्या गोऱ्या चेहऱ्याकडे बघता यावे म्हणून. गोळ्या घ्यायला ती दुकानात जाते, तेव्हा दुकानदाराला ती दिसतच नाही. आपले डोळे निळे झाले तर घरातली भांडणे थांबतील आणि लोक आपल्याशी बरे वागतील, असे तिला वाटू लागते.

‘उन्हात फिरू नकोस, काळी पडशील’ हे ऐकत मोठी झालेली, घाऱ्या डोळ्यांच्या मावसबहिणीचे कौतुक होताना बाजूला उभी राहिलेली आणि वधूवर सूचक मंडळाच्या अर्जावर ‘वर्ण’ हा रकाना भरलेली मी ते पुस्तक वाचत होते. अमेरिकेतील काळ्या माणसांचे दुःख आणि आमच्याकडचा गोरेपणाचा सोस यांना एका मापाने मोजणे बरोबर नाही, हे मला कळते. तरीही त्या मुलीला काय हवे होते, हे समजण्यासाठी मला कोणाच्याही प्रस्तावनेची गरज पडली नाही.

वाचन चालू असतानाच, डिसेंबरात, महाराष्ट्रातून बातमी आली. कोबाड गांधी यांच्या ‘फ्रॅक्चर्ड फ्रीडम’ या पुस्तकाच्या मराठी अनुवादासाठी अनघा लेले यांना जाहीर झालेला राज्य शासनाचा पुरस्कार शासननिर्णय काढून रद्द करण्यात आला आणि तो देणारी निवड समितीच बरखास्त करण्यात आली. पुस्तक वाचून निर्णय देणाऱ्यांना बाजूला सारायचे, ही पद्धत मला नंतर डॅलसजवळही भेटली. त्या वेळी मात्र मी ती बातमी मैत्रिणींच्या गटात टाकली आणि पुन्हा वाचायला बसले.

समितीच्या पुढच्या बैठकीत हरकत घेणाऱ्या गृहस्थांना आपली बाजू मांडायला बोलावले होते. मी एका तावातावाने बोलणाऱ्या माणसाची अपेक्षा धरून गेले होते. आले ते मुलांना बेसबॉल शिकवणारे, हळू आवाजात बोलणारे आणि हातातले कागद थरथरू नयेत म्हणून टेबलावर दाबून ठेवणारे गृहस्थ. उताऱ्यांवर पिवळ्या शाईने रेघा मारलेल्या होत्या. इंग्रजीच्या शिक्षिकांनी त्यांना पूर्ण पुस्तक वाचावेसे वाटले नाही का, असे विचारले. “पाण्यात विष आहे हे कळायला सगळा पेला प्यावा लागत नाही,” ते म्हणाले. हे वाक्य मी त्यानंतर दोन वेगवेगळ्या सभांत वेगवेगळ्या लोकांच्या तोंडून ऐकले, तेव्हा ते त्यांचे स्वतःचे नसावे.

ग्रंथपालबाईंनी त्यांना संगणकावर एक सोय दाखवली. मुलाने कोणते पुस्तक नेले ते पालकाला ईमेलने कळते, आणि विशिष्ट पुस्तके आपल्या मुलाला देऊ नका असेही पालक नोंदवू शकतो. त्यांना ही सोय ठाऊक नव्हती. त्यांनी ती तिथल्या तिथे सुरू करून घेतली आणि क्षणभर मला वाटले, झाले, प्रश्न मिटला. मग ते म्हणाले, “माझ्या मुलीचं मी बघेन. ज्यांचे आईवडील लक्ष देत नाहीत, त्या मुलींचं काय?”

सगळा वाद या प्रश्नात आहे, असे मला आजही वाटते. स्वतःच्या मुलांपुरता पालकाचा अधिकार या वादात कोणीच नाकारत नव्हते, आणि समितीत तर नाहीच. इतरांच्या मुलांविषयी आपल्याला काळजी वाटते, म्हणून त्यांच्या आईवडिलांच्या जागी आपण निर्णय घ्यावा का, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर मी ‘नाही’ असे देते. पण समोरच्या माणसाची काळजी ढोंगी होती, असे मी म्हणणार नाही. आणि आमच्या बाजूचे लोक जे सोयीस्करपणे विसरतात, तेही सांगायला हवे. ग्रंथालयात कोणते पुस्तक यायचे, हेही शेवटी कोणीतरी निवडतच असते. ग्रंथपालाची निवड म्हणजे स्वातंत्र्य आणि पालकाची हरकत म्हणजे बंदी, इतकी सोपी वाटणी नाही. ग्रंथपालाची निवड मला जास्त विश्वासार्ह वाटते ती तिने परीक्षणे वाचलेली असतात, शिक्षण घेतलेले असते आणि कारण विचारले तर ते लेखी देता येते म्हणून.

चर्चा मला वाटली होती त्यापेक्षा बरीच वेगळी झाली. पुस्तक साहित्य म्हणून मोठे आहे की नाही, यावर कोणी वेळ घालवला नाही. सगळा वेळ वयावर गेला. हायस्कूलमध्ये नववीची, म्हणजे चौदा वर्षांची मुले असतात. दुसऱ्या पालक-सदस्य, ज्या दर रविवारी चर्चला जाणाऱ्या आणि स्वतःला निःसंकोच कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणवणाऱ्या होत्या, त्यांनी पुस्तक दोनदा वाचले होते. बाजूला चिकटवलेल्या रंगीत चिठ्ठ्यांमुळे त्यांची प्रत फुगली होती. पुस्तक काढू नये, पण अकरावी-बारावीपुरते ठेवावे, असे त्यांचे मत होते. मलाही ते सुरुवातीला पटले. मग समुपदेशकांनी बोलायला सुरुवात केली. घरात असा अत्याचार सोसलेल्या मुली त्यांच्याकडे आलेल्या होत्या. असे पुस्तक त्यांना मदत करते की इजा, असे कोणीतरी विचारले, तेव्हा त्यांनी सरळ सांगितले, “दोन्ही होऊ शकतं. कोणाला काय होईल हे मी आधी सांगू शकत नाही.” त्या पुढे म्हणाल्या की, पुस्तक बंद कपाटात ठेवून मागितल्यावर द्यायचे ठरवले, तर ज्या मुलीला ते सर्वांत जवळचे आहे, ती मुलगी काउंटरवर येऊन ते कधीही मागणार नाही.

माझे मत त्या वाक्याने ठरले. पुस्तक कपाटात आहे तिथेच, सर्व इयत्तांसाठी राहावे. ते कोणत्याही वर्गात सक्तीचे नसावे (तसे ते नव्हतेच). आणि पालकांना ईमेलची सोय दरवर्षी शाळा सुरू होताना कळवावी, असा निर्णय बहुमताने झाला. रंगीत चिठ्ठ्यांवाल्या बाईंनी विरोधात मत दिले आणि आपले कारण लेखी जोडले. ते वाचण्यासारखे होते. आमच्या निर्णयातील सर्वांत काळजीपूर्वक लिहिलेला भाग त्यांचा होता, असे मी मुख्याध्यापकांना सांगितलेही.

हरकत घेणाऱ्या गृहस्थांनी अपील केले. डिस्ट्रिक्टच्या पायरीवर समितीचा निर्णय कायम झाला आणि प्रकरण बोर्डाकडे गेले. दरम्यान मे २०२३ ची निवडणूक झाली. टेक्ससमध्ये शाळा-बोर्डाचे ट्रस्टी (आमच्याकडे सात) बिनपगारी असतात, मतपत्रिकेवर बहुतेक ठिकाणी त्यांच्यापुढे पक्षाचे नाव नसते, आणि मे महिन्यातील या निवडणुकांना मतदार फारच थोडे येतात. नाव नसले तरी पक्ष असतोच. दारावर येऊन पडणाऱ्या गुळगुळीत पत्रकांवर त्या वर्षी रस्ते, शिक्षकांचे पगार, वर्गांची संख्या यांपेक्षा ‘शाळेतील अश्लील पुस्तके’ हा मुद्दा वर होता. दोन जागा बदलल्या.

अपिलाच्या सभेला मराठी मंडळातील एक ओळखीच्या वहिनी मला वाहनतळावरच भेटल्या. त्या पुस्तक काढण्याच्या बाजूने बोलायला आल्या होत्या. “तू हे पान तुझ्या सासूबाईंसमोर मोठ्यानं वाचशील का, सांग बघू,” त्या म्हणाल्या. “नाही वाचणार, वहिनी. पण सासूबाईंनी मला एकटीला वाचू नको असंही कधी सांगितलं नाही,” मी म्हटले. आम्ही दोघी शेजारी बसलो आणि बोलण्यासाठी नावाच्या चिठ्ठ्या वेगवेगळ्या बाजूने दिल्या.

अशा सभेत प्रत्येकाला मोजका वेळ मिळतो. समोर हिरवा, पिवळा, लाल असे दिवे असतात आणि लाल लागला की ध्वनिक्षेपक बंद होतो. एका बाईंनी उभे राहून तोच प्रसंग वाचायला सुरुवात केली. सभेचे थेट प्रक्षेपण चालू आहे आणि मुले पाहत असतील, म्हणून बोर्डाच्या अध्यक्षांनी त्यांना थांबवले. “हेच तर मला सांगायचं आहे,” असे त्या म्हणाल्या आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. युक्तिवाद म्हणून हा डाव अचूक आहे. त्याला तीस सेकंदांत उत्तर देता येत नाही, कारण उत्तर द्यायचे तर दीड-दोनशे पाने वाचावी लागतात. बारावीतील एका मुलीने तो प्रयत्न केला. तिने पुस्तक स्वतः नेऊन वाचले होते आणि तिला पिकोलापेक्षा पिकोलाच्या आईविषयी बोलायचे होते. गोऱ्या मालकिणीच्या घरी ती किती मायेने वागते आणि स्वतःच्या मुलीशी कशी. बोलणारी मुलगी मुद्द्यापर्यंत पोहोचली तेव्हा दिवा लाल झाला.

त्यानंतर ट्रस्टी बोलले. समितीचा अहवाल आणि त्यासोबतचे विरोधी मत सगळ्यांच्या टेबलावर होते. पूर्ण पुस्तक वाचल्याचे तिघांनी सांगितले, आणि त्या तिघांनी समितीच्या बाजूने मत दिले. नव्याने आलेल्या एका ट्रस्टींनी आपण ‘संबंधित पाने’ वाचली असून ती पुरेशी आहेत, असे स्पष्ट केले. ४ विरुद्ध ३ मतांनी पुस्तक डिस्ट्रिक्टच्या सर्व ग्रंथालयांतून काढायचे ठरले. निर्णयात कारण एका ओळीचे होते. सभा संपल्यावर हरकत घेणारे गृहस्थ मुद्दाम माझ्याकडे आले आणि “तुम्ही सगळं वाचलंत, त्याबद्दल आभार,” असे म्हणून हात मिळवून गेले. त्यांच्या जागी मी असते तर मला हे सुचले नसते.

पुस्तक गावाच्या सार्वजनिक ग्रंथालयात आजही मिळते, आणि हा मुद्दा दोन्ही बाजूंनी वापरला जातो. एक बाजू म्हणते की मग बंदी कसली. दुसरी म्हणते की गाडी चालवता न येणाऱ्या आणि आईवडील सोडायला न येणाऱ्या मुलीला मैलभर दूरचे ग्रंथालय असून नसल्यासारखे. मी दुसऱ्या बाजूची आहे, कारण या उपनगरांत पायी कुठेच जाता येत नाही. ग्रंथपालबाईंनी वर्षअखेरीस नोकरी सोडली. कारण त्यांनी कुटुंबाचे सांगितले आणि मी खोदून विचारले नाही.

यानंतर कायदा आमच्यापेक्षा वेगाने बदलत गेला. २०२३ मध्ये विधिमंडळाने पुस्तके विकणाऱ्यांनीच प्रत्येक पुस्तकाला लैंगिक मजकुरानुसार श्रेणी द्यावी, असा कायदा केला. पुस्तकविक्रेते न्यायालयात गेले आणि जानेवारी २०२४ मध्ये टेक्ससवर अधिकार असलेल्या पाचव्या सर्किटच्या केंद्रीय अपील न्यायालयाने ती श्रेणीची सक्ती रोखून धरली. मे २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने टेक्ससमधील लॅनो कौंटीच्या प्रकरणात १० विरुद्ध ७ असा उलट्या दिशेचा निकाल दिला. तिथे सार्वजनिक ग्रंथालयातून १७ पुस्तके काढली होती. पुस्तक काढले म्हणून वाचकाला माहिती मिळवण्याच्या हक्काखाली दाद मागता येणार नाही, असे बहुमताने ठरले, आणि ग्रंथालयात काय ठेवायचे हे सरकारचे स्वतःचे बोलणे आहे, असेही त्यांतील काही न्यायाधीशांनी म्हटले. त्या १७ पुस्तकांत इझाबेल विल्करसन यांचे ‘कास्ट’ होते. अमेरिकेतील वर्णभेद आणि भारतातील जातिव्यवस्था शेजारी ठेवून पाहणाऱ्या त्या पुस्तकात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविषयी लिहिलेले आहे. वर्णभेद, जात आणि आंबेडकर यांविषयीच्या पुस्तकावर ‘अश्लील’ हे लेबल कसे बसते, हे मला कोणी समजावून सांगितलेले नाही. डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालात लक्ष घालायला नकार दिला. त्यामुळे पहिल्या बैठकीत आम्हाला वाचून दाखवलेला पिको खटल्याचा आधार पाचव्या सर्किटच्या कक्षेतील टेक्सस, लुइझियाना आणि मिसिसिपी या तीन राज्यांत आता जवळजवळ उरलेला नाही.

सिनेट बिल १३ या नावाने ओळखला जाणारा टेक्ससचा नवा कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. त्यानुसार ग्रंथालयासाठी घ्यायच्या पुस्तकांची यादी ३० दिवस आधी जाहीर करून बोर्डाची मंजुरी घ्यावी लागते. पालकांचे बहुमत असलेली ग्रंथालय सल्लागार परिषद बोर्डाला शिफारशी करते. आणि ज्या तिसऱ्या गोष्टीवर मी रेघ मारली होती, ती उलटी झाली आहे. हरकतीचा अर्ज आला की निर्णय होईपर्यंत पुस्तक कोणत्याही विद्यार्थ्याला द्यायचे नाही. पूर्वी हरकत घेणाऱ्याला थांबावे लागे, आता वाचणाऱ्याला थांबावे लागते. प्रक्रियेतील हा बदल कागदावर एका वाक्याचा आहे आणि मला तो बाकी सगळ्यांपेक्षा मोठा वाटतो, कारण चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या आयुष्यात सहा महिने थांबणे म्हणजे ते पुस्तक न वाचणेच.

आमच्या बोर्डाने परिषद नेमली तेव्हा मी पुन्हा अर्ज केला. मुलगी कॉलेजला गेली असली तरी धाकटा अजून याच डिस्ट्रिक्टमध्ये आहे. नवरा या वेळी काही बोलला नाही. परिषदेसमोर आलेली पहिली यादी काही शे पुस्तकांची होती. त्यांत डायनोसॉरवरची चित्रमय पुस्तके होती, बुद्धिबळाची होती, एका लोकप्रिय मालिकेचा नवा भाग होता, आणि त्यातील प्रत्येकासमोर ‘अशिष्ट मजकूर : नाही’ असे ग्रंथपालाने स्वतःच्या सहीनिशी लिहिलेले होते. यादी मंजूर होईपर्यंत त्या सत्रात एकही नवे पुस्तक विकत घेतले गेले नाही. रंगीत चिठ्ठ्यांवाल्या बाईही परिषदेत आहेत. ज्या पुस्तकाविषयी शंका असेल ते कमीत कमी दोन सदस्यांनी पूर्ण वाचल्याशिवाय त्यावर मत घ्यायचे नाही, असा ठराव आम्ही दोघींनी मिळून मांडला. तो मंजूर झाला आहे. बोर्डावर तो बंधनकारक नाही.